नुसता वाटा वाढवून एजंट टिकत नाहीत

घरं-जमिनी विकून देणारे परवानाधारक एजंट आपल्या ऑफिसात आणायचे तर त्यांचा कमिशनमधला वाटा वाढवा, असं एजंटांच्या भरतीवरचा एक लेख सांगतो. वाट्यासाठी आलेला माणूस जास्त वाटा दिसला की निघूनही जातो, हे त्यात यायला हवं होतं.

चांगला जम बसलेला एजंट ऑफिस बदलायला कचरतो तो अर्धवट राहिलेल्या व्यवहारांमुळे. बऱ्याच ठिकाणी मालमत्ता विकून देण्याचा करार ऑफिसच्या नावाने असतो, एजंटच्या नव्हे. तो बाहेर पडला की ते करार मागेच राहतात, आणि चालू सौद्यांचं कमिशन मिळणार की नाही, किती मिळणार, हे त्याने जुन्या ऑफिसशी केलेल्या करारपत्रातल्या अटींवर ठरतं. भरती करणाऱ्याने पहिल्या एकदोन भेटींतच ते करारपत्र त्याच्यासोबत बसून ओळीओळीने वाचावं. त्याचा परवाना नव्या ऑफिसकडे वर्ग होईपर्यंत काम कसं चालणार, तेही तेव्हाच बोलून घ्यावं.

नवशिक्यांची गरज वेगळी. सौदाच झाला नाही तर नव्वद टक्के वाटा घेऊन करायचं काय? त्यांना पहिला करार होईपर्यंत फोन उचलणारा, बोलणीला शेजारी बसणारा अनुभवी माणूस द्या.

आणि टेबलाचं भाडं, जाहिरातीचा खर्च, सॉफ्टवेअरचे पैसे वजा जाता हातात किती उरतं, ते आधी कागदावर मांडून दाखवा. जे ऑफिस हे दाखवत नाही, तिथे जा असं मी कुणालाही सांगणार नाही.