शिट्टी नक्की कुणाची?

कोल्हापूरचा फुटबॉल ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, शाहू स्टेडियमवर रेफरीपेक्षा गॅलरीतूनच जास्त शिट्ट्या वाजतात. सोळा-सतरा वर्षांचा असताना एका मॅचला मी डिफेन्सला होतो. शिट्टी ऐकली, ऑफसाइड (पास मिळताना फॉरवर्ड आमच्या डिफेन्सच्या पुढं उभा होता) दिला असं समजून हात वर करून उभा राहिलो. समोरचा फॉरवर्ड माझ्या शेजारनं बॉल घेऊन गेला आणि गोल मारून आला. शिट्टी गॅलरीतली होती! हाफटाइमला सर एवढंच म्हणाले, "रेफरी पळतोय, तू का थांबलास रे?"

प्रेक्षकाच्या शिट्टीनं खेळात व्यत्यय आला तर रेफरीनं खेळ थांबवून ड्रॉप बॉल द्यायचा, म्हणजे स्वतः बॉल खाली टाकून खेळ पुन्हा सुरू करायचा, असा नियमच आहे. तो मला फार उशिरा कळला. गोल मात्र आजही मित्रांच्या हिशेबात माझ्याच खात्यावर आहे.

हे आठवायचं कारण, परवा कट्ट्यावर पुन्हा बेंगळुरूच्या सुनील छेत्रीच्या त्या फ्री किकवरून जुंपली. 3 मार्च 2023, बेंगळुरूचं कांतीरवा स्टेडियम, आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) नॉकआउट सामना. नव्वद मिनिटांत गोल नाही. एक्स्ट्रा टाइममध्ये बेंगळुरूला फ्री किक मिळाली. केरला ब्लास्टर्सचा गोली भिंत, म्हणजे बॉल अडवायला खेळाडूंची रांग, लावण्यात गुंतलेला, आणि छेत्रीनं बॉल अलगद जाळ्यात टाकला. रेफरी क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला. ब्लास्टर्सचे कोच वुकोमानोविच अख्खी टीम घेऊन मैदानाबाहेर गेले. पुढं क्लबला 4 कोटींचा दंड आणि कोचवर 10 सामन्यांची बंदी.

"शिट्टी कुठं वाजली होती?" हा ब्लास्टर्सवाल्यांचा एकच सवाल. अरे बाबांनो, फ्री किक घ्यायला शिट्टी लागतच नाही! किक-ऑफला लागते, पेनल्टीला लागते. कार्ड दाखवलं, कुणाला लागलं, बदली खेळाडू आला किंवा भिंत 9.15 मीटर मागं न्यायला रेफरीनं खेळ रोखला, तर पुन्हा सुरू करताना लागते. एरवी नाही. उठसूट शिट्टी वाजवली तर खरी गरज पडेल तेव्हा तिला कोण विचारणार? छेत्रीनं नंतर सांगितलंही, शिट्टी नको आणि भिंतही नको असं आपण रेफरीला बोललो होतो.

तर गोल नियमात बसतो. तरी माझा राग रेफरीवर आहे. फ्री किक झटपट घेतली तर ठीक. पण बॉलजवळ माणसं घुटमळतायत, गोली खांबाला चिकटून भिंत हलवतोय, आणि हे फक्त एकालाच ठाऊक की शिट्टी होणार नाही? अशा वेळी शिट्टी उंच धरून तिच्याकडं बोट दाखवायला, म्हणजे 'शिट्टी झाल्यावरच किक' असं सांगायला, किती वेळ लागतो? आमच्याकडं पेठेच्या मॅचला हे केलं नाही तर रेफरीला घरी जाणं मुश्किल. (टीम बाहेर नेणं मात्र चूकच. त्यात शंका नको.)

11 जून 2024 ला दोह्यात आपली भारताची पोरंही अशीच थांबली. कतारचा बॉल गोल लाइनच्या बाहेर गेला होता हे टीव्हीवर घरबसल्या दिसत होतं. पण शिट्टी झाली नाही, बॉल आत ओढला आणि गोल. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीचा निर्णय तपासायची सोय, नव्हतं. 2-1 नं हरलो, वर्ल्ड कप पात्रता संपली.

आणि जिथं व्हीएआर आहे तिथं दुसरंच दुखणं. ऑफसाइड दिसत असूनही लाइनमन झेंडा खाली ठेवतो, म्हणे आधी चढाई संपू दे, मग व्हिडिओत बघू. 11 मे 2025, इंग्लंडमधला नॉटिंगहॅम फॉरेस्ट विरुद्ध लेस्टर सामना. फॉरेस्टचा एलांगा स्पष्ट ऑफसाइड, झेंडा खालीच. त्याच्या क्रॉसवर झेपावलेला त्याचाच साथीदार अवोनियी पोटावर गोलपोस्टला आदळला. ऑपरेशन करावं लागलं, कृत्रिम कोमात ठेवावं लागलं. जी चढाई मोजलीच जाणार नव्हती तिच्यापायी!

इंचभराचं ऑफसाइड असेल तर थांबा, बघा कॅमेऱ्यात. पण दोन-दोन हात पुढं असलेल्याला झेंडा लगेच दाखवा आणि शिट्टी मारा. वर्षाकाठी एखादा चांगला गोल त्यात बुडाला तर बुडू दे.