नाडीपरीक्षा

परवाचीच गोष्ट आहे, त्यामुळे राग अजून शिळा झालेला नाही. केंब्रिजमधल्या आमच्या कॉलेजात फॉर्मल हॉल होता. कॉलेजचं नाव सांगत नाही. मला अजून तिथंच राहायचंय, आणि खोलीच्या भिंतीवर कालनिर्णय चिकटवल्याबद्दल एक पत्रव्यवहार आधीच चालू आहे. फॉर्मल हॉल म्हणजे मेणबत्त्यांच्या उजेडात, अंगात काळा गाऊन घालून, लांबलचक बाकांवर दाटीवाटीनं बसून जेवायचं. आधी घंटा, मग सगळे उभे, मग लॅटिनमध्ये प्रार्थना, आणि मग गार झालेलं सूप.

मी आईची इरकल नेसले होते, त्यावर गाऊन. आरशात मी मंगळागौरीला थेट कोर्टातून आलेल्या वकीलबाईसारखी दिसत होते. पण बरी दिसत होते.

दाराशी रांग होती. मागून अत्यंत सभ्य आवाज आला, "माफ करा हं, पण तुमच्या नाड्या दिसताहेत."

साडी नेसलेल्या बाईला हे वाक्य भर रांगेत ऐकवणाऱ्याला देव क्षमा करो. माझा हात आधी कमरेकडे गेला. परकराची गाठ शाबूत. निऱ्या शाबूत. वळून बघते तर ऐंशीच्या घरातले, बो टाय लावलेले एक आजोबा. कॉलेजचे जुने विद्यार्थी असावेत, जेवायला आलेले. त्यांचं बोट माझ्या गाऊनच्या पुढच्या बाजूनं लोंबणाऱ्या दोन काळ्या फितींकडे होतं.

"तुम्ही केंब्रिजच्या एम. ए. का?"

"नाही. पीएचडी करतेय. एम. एस्सी. पुण्याची."

"वाटलंच," ते म्हणाले, निदान बरोबर निघालेल्या वैद्यासारखे नव्हे, तर ते निघाल्याचं दुःख झाल्यासारखे. "म्हणजे तुम्ही एम. ए. नाही. एम. ए.च्या दर्जाच्या आहात."

मग रांग पुढे सरकत असताना त्यांनी मला शास्त्र सांगितलं. बाहेरून पदवी घेऊन आलेला माणूस चोविसाच्या आतला असेल तर तो बी. ए.च्या दर्जाचा, चोवीस पूर्ण असतील तर एम. ए.च्या. गाऊन तोच, कापड तेच, बाह्या त्याच. फक्त फिती काढून टाकायच्या किंवा लपवायच्या.

"या फिती बांधायच्या असतात का?" मी विचारलं.

"छे! कोणीच बांधत नाही."

"मग कशासाठी असतात?"

"कशासाठीच नाही. त्या असतात." जरा थांबून म्हणाले, "तुमच्या नसतात."

हा गाऊन मी एका सीनियरकडून अर्ध्या किमतीत घेतला होता. फिती त्यात धरलेल्या होत्या. तेही सांगून पाहिलं. आजोबा म्हणाले, "पिन आहे का?" साडी नेसलेल्या बाईकडे पिन नाही असं होत नाही, पण प्रत्येक पिन कुठल्या ना कुठल्या ड्युटीवर असते. शेवटी पदराची एक काढली. मग ते मार्गदर्शन करू लागले. "अजून आत. डावी अजून दिसतेय. हं, आता उजवी निघाली." मागे वाइनच्या बाटल्या काखेत धरून पोरं ताटकळलेली. त्यातला एक होडी वल्हवणारा आडदांड पोरगा म्हणाला, "मला तर फरकच दिसत नाही." आजोबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बाटलीवरचं लेबल वाचू लागला.

"तुमच्या वेळीही लोक इतकं बघायचे?" मी विचारलं.

"आमच्या वेळी साडीवर गाऊन हा प्रश्नच नव्हता. बायकाच नव्हत्या."

खरंय. मुलींची कॉलेजं तशी जुनी, गिर्टन १८६९चं, न्यूनहॅम १८७१चं, पण तिथं शिकून परीक्षा पास झालेल्या मुलींना विद्यापीठानं पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडलं. पुरुषांच्या कॉलेजांपैकी पहिल्या तीन कॉलेजांनी मुलींना घ्यायला सुरुवात केली ती १९७२ला. म्हणजे गाऊनांचा हा बारीक हिशेब शेकडो वर्षं चालला होता तेव्हा आम्ही यादीतच नव्हतो.

आणि हे केंब्रिजचं एम. ए. म्हणजे तरी काय? बी. ए. झालेल्यानं पहिली टर्म संपल्यापासून सहाएक वर्षं जाऊ द्यायची, मग अर्ज करायचा. परीक्षा नाही, प्रबंध नाही. जिवंत राहणं एवढाच अभ्यासक्रम. आमच्याकडे रँग्लर परांजप्यांच्या नावाला 'रँग्लर' जन्मभर चिकटलं, पण त्यासाठी १८९९ साली इथल्याच सेंट जॉन्स कॉलेजात राहून केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात यावं लागलं होतं. मी एम. एस्सी.ला लोडशेडिंगमध्ये स्पेक्ट्रोस्कोपी पाठ केली. मी दर्जाची.

व्हिसा काढताना मात्र मला कोणी दर्जाची म्हणालं नाही. परदेशी विद्यार्थ्याची फी पूर्ण. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तोही पूर्ण. तिथं कुठली फीत लपवायची सोय नाही. ही गंमत म्हणून लिहायला घेतलं होतं, पण आकडा लिहिताना हसू येत नाही.

आत गेल्यावर आजोबा नेमके माझ्यासमोर. पदराला पिन नसल्यामुळे मी एका हातानं पदर आणि एका हातानं काटा सांभाळत भाजलेला भोपळा खात होते. शाकाहाराला इथं बहुतेकदा भोपळाच भेटतो. एम. ए.च्या गाऊनची बाही विचित्र असते. हात मधल्या फटीतून बाहेर येतो आणि उरलेली बाही पिशवीसारखी खाली लोंबत राहते. आजोबांनी मिरपूड घ्यायला टेबलावरून हात लांब केला तशी ती पिशवी शेजारच्या ग्रेव्हीच्या भांड्यावर झुलू लागली. त्यांच्या दोन्ही फिती मात्र छातीवर अगदी सरळ.

मी मिरपुडीची डबी माझ्या बाजूला आणखी थोडी ओढून घेतली.