मिनिएचर बघण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

सुट्टीत तुम्हीही सहकुटुंब कुठल्यातरी थीम पार्कला जाणारच. राइडच्या रांगेत जीव नकोसा झाला की नकाशाच्या कोपऱ्यात ‘मिनिएचर’ असं लिहिलेलं दिसतं, म्हणजे प्रसिद्ध इमारतींची छोटी मॉडेलं. आत एसी आहे, रांग नाही, तिकिटाचे पैसे वसूल व्हायचेच आहेत. चला! गेल्या रविवारी आई, बायको आणि भाच्याला घेऊन मीही असाच शिरलो. पार्कचं नाव सांगत नाही, कारण त्यांचा काही दोष नाही. साखळी लावली होती, पाट्या होत्या, शिट्टी वाजवायला एक माणूसही ठेवला होता. बिचाऱ्यांनी आणखी काय करायचं? तर तिथे इतर अनुभवी मंडळींकडून जे शिकायला मिळालं, ते तुमच्या उपयोगी पडावं म्हणून देतो आहे.

सर्वात आधी, पाटी वाचू नका. पाटी ही कोपर टेकायला असते. तिच्यावर ‘१:२५’ असलं काहीतरी लिहिलेलं असतं. आमच्या पुढच्या गृहस्थांनी ती शोची वेळ समजून घड्याळ बघितलं आणि ‘अजून वीस मिनिटं आहेत, तोवर भजी खाऊन येऊ’ म्हणून सगळं कुटुंब बाहेर नेलं. तेवढीच जागा झाली, त्यांचे आभार.

बटण दिसलं की दाबा. गाडी सुरू झाली तरी दाबत राहा.

पाणी दिसलं की नाणं टाका. गेटवेसमोरचा समुद्र तिथे वीतभरच खोल असतो, पण नवसाला खोली लागत नाही.

बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ नयेत असं दारावर लिहिलेलं असतं, म्हणजे आत नेता येतात. वेफरचे तुकडे मरीन ड्राइव्हवर सांडले तर घाबरू नका, टेट्रापॉडमध्ये खपून जातात.

फोटोचं मात्र मनावर घ्या. ताजमहालाचा कळस चिमटीत धरलेला फोटो काढल्याशिवाय हलायचं नाही. हा फोटो खऱ्या ताजमहालासमोरही निघतो, पण त्यासाठी आग्र्याला जावं लागतं. ‘बोट थोडं खाली... अगं एवढं नाही... आता मिनार झाकला... पप्पू, तू मध्ये येऊ नकोस’ हे निवांत चालू द्या. मागे खोळंबलेल्यांना उद्या कुठे ऑफिस आहे? मग रील. मॉडेलकडे पाठ करून चालत यायचं आणि शेवटी वळून चकित व्हायचं. चकित होणं चार-पाच टेकमध्ये जमतं.

मुलांना माहिती जरूर द्या, आणि मोठ्याने द्या. सीएसएमटीचा घुमट दाखवून ‘हे बघ ताज हॉटेल’ असं एक बाबा सांगत होते. इमारतीच्या बाजूला फलाट होते, त्यांत लोकल येत-जात होती, वर ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’ असं ठळक लिहिलं होतं. पण पाटी वाचायची नाही हे वर सांगितलंच आहे.

आता मुख्य मुद्दा. मुलाला साखळीच्या आत सोडा. साखळी इतरांच्या मुलांसाठी असते, आपलं पोर शहाणं आहे. त्याला उचलून सरळ फलाटाच्या छपरावर उभं करा आणि ‘स्माइल!’ म्हणा. शिट्टीवाला शिट्टी वाजवेल, वाजवू दे, त्याला त्याचाच पगार मिळतो. छप्पर फायबरचं की लाकडाचं याची चौकशी करत बसू नका. १:२५ म्हणजे काय, एवढाच हिशोब हवा असेल तर मी देतो. मॉडेलमधलं एक सेंटीमीटर म्हणजे खरं पंचवीस सेंटीमीटर. पाच वर्षांच्या पोराचा अठरा सेंटीमीटरचा बूट त्या गावात साडेचार मीटरचा होतो, म्हणजे अख्खी मोटार वरून येऊन पडली. वजनाचं तर विचारूच नका. लांबी पंचवीसपट, म्हणजे वजन पंचवीस गुणिले पंचवीस गुणिले पंचवीस, १५,६२५ पट. अठरा किलोचे चिरंजीव त्या फलाटावर २८१ टनांचे होतात. राजधानी ओढणारं डब्ल्यूएपी-७ इंजिन १२३ टनांचं असतं. तशी दोन इंजिनं छपरावर ठेवूनही चिरंजीव जड भरतात, आणि बाबा म्हणतात, ‘लहान आहे हो काका, त्याला काय कळतंय!’

त्याला नाही कळत. तुम्हाला?

त्या फलाटावर काय काय होतं, ठाऊक आहे? माझ्या आईचे गुडघे दुखतात, तरी ती खाली बसली, म्हणून आम्हाला दिसलं. खांबाला टेकून बसलेला बूटपॉलिशवाला, अर्ध्या बोटाएवढा, आणि त्याच्या पेटीवर दोन ब्रश. डब्यांचा पाट डोक्यावर घेतलेला डबेवाला. इंडिकेटरकडे मान वर करून उभी असलेली एक बाई, तिची पिशवी खांद्यावरून घसरलेली. कुणीतरी भिंगाखाली ती पिशवी घसरवली असणार! छपरावरचे चिरंजीव खाली उतरताना घुमटाला धरून उतरले, आणि घुमटावरची ‘प्रगती’ची पुतळी त्यांच्या मुठीत आली. खऱ्या इमारतीवर ती वास्तुविशारद स्टीव्हन्सच्या काळापासून, १८८८ पासून, एका हातात मशाल आणि दुसऱ्यात चाक घेऊन उभी आहे. पावसाळे काढले, आजूबाजूला शहर बदललं. इथे एका रविवारी मशालीचा हात खांद्यातून निखळला. बाबांनी काय केलं असेल? इकडेतिकडे बघितलं आणि तो तुटका हात पॅंटच्या खिशात टाकला.

मी बोललो, तर ‘तिकीट काढलंय आम्ही.’

तिकीट तुम्ही बघायचं काढलं होतं, तोडायचं नाही. हाच गडी दिवाळीत पोराबरोबर सोसायटीत किल्ला करत असेल. माती चाळून आणेल, अळीव पेरेल, पायथ्याशी मावळे मांडेल. शेजारच्या पोराने बुरुजाला बोट लावलं तर त्याच्या आईबापांना खाली बोलावेल. मग दुसऱ्याने केलेली वस्तू दिसली की हात का शिवशिवतात? कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. एका माणसाच्या छंदातून ते उभं राहिलं. इंग्लंडमध्ये बेकन्सकॉट नावाचं छोटं गाव एका हिशोबनिसाने १९२९ मध्ये आपल्या बागेत उघडलं. नेदरलँड्समधल्या हेगचं मदुरोडाम हे छोटं शहर १९५२ चं. त्याला पैसे दिले जॉर्ज मदुरोच्या आईवडिलांनी. मुलगा १९४५ मध्ये नाझींच्या दाखाऊ छळछावणीत मेला, त्याचं स्मारक म्हणून. हे असले खेळ माणसं आयुष्य घालून करतात, आणि तुम्ही त्यावर पोराला नाचवता, वर रील टाकता, ‘फन विथ फॅमिली’.

आम्ही निघालो तेव्हा युनिफॉर्ममधला एक पोरगेला कारागीर गुडघ्यांवर बसून चिमट्याने फलाटावरची माणसं उभी करत होता. डबेवाला सापडला होता, त्याचा पाट सापडत नव्हता. घुमटाकडे त्याचं अजून लक्ष गेलं नव्हतं.

तर आता सरळ सांगतो. राखाडी टी-शर्टवाले, हे वाचत असाल तर ऐका. तुम्हाला कुणी ओरडलं नाही, कारण सगळे फोटो काढत होते. तुमच्या पोराचं काही चुकलेलं नाही, त्याला तिथे तुम्ही ठेवलंत. खिशातला तो हात अजून कपड्यांबरोबर धुतला गेला नसेल, तर पार्कच्या काउंटरवर नेऊन द्या. आणि पोराला बरोबर न्या, तुम्ही काय म्हणून देताय ते त्याला ऐकू द्या.