नेट कंपनीचं, भिंत आपली

नेट स्लो झालं की आमच्या घरात प्रत्येकाचा आरोपी ठरलेला असतो. बायकोच्या मते चिरंजीवांचा गेम, चिरंजीवांच्या मते बाबांचा भिकार प्लॅन आणि आईच्या मते पाऊस. मग बाहेर एप्रिलचं ऊन का रटरटत असेना. त्यात आम्ही राहतो घोडबंदर रोडला, त्यामुळे एक सार्वजनिक आरोपीही हाताशी असतो. मेट्रो-४ चं काम सुरू झाल्यापासून इथे पाणी जावो, नेट जावो की लिफ्ट अडको, माणसं आधी गॅलरीत येऊन खाली रस्त्याकडे बघतात.

आता खोदकामात फायबर खरोखरच तुटली, तर मामला सरळ असतो. नेटच्या डबीवर 'एलओएस'चा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लुकलुकायला लागतो, सोसायटीच्या ग्रुपवर "तुमच्याकडे पण?" सुरू होतं आणि सगळ्यांचंच गेलंय म्हटल्यावर जिवाला जरा बरं वाटतं. स्लो नेटचं दुखणं मात्र ज्याचं त्याने भोगायचं. दिवे हिरवेगार, बिल वेळेवर भरलेलं, आणि बेडरूममधल्या मीटिंगमध्ये आमचे साहेब तोंड उघडं ठेवून गोठलेले.

हे गोठणं नेमकं जेवणाच्या सुमारास का होतं, याचा शोध बरेच दिवस लागेना. मग कळलं की बाहेर आमटी गरम होत असते. मायक्रोवेव्ह चालतो साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर आणि आमचा लॅपटॉप ज्या वायफायवर असतो तो २.४ च्या पट्ट्यात. थोडक्यात, साहेब आणि आमटी एकाच वाटेने येतात, आणि आमच्या घरात अशा वेळी आमटीला प्राधान्य असतं. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय या भानगडीत पडत नाही, वेगही चांगला देतं. पण एक जाड भिंत मध्ये आली की त्याचा दम संपतो. २.४ भिंती ओलांडतं, पण तिथे गर्दी मरणाची. त्या पट्ट्यात एकमेकांच्या पायात न येणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. आणि आमच्या टॉवरमध्ये फोनवर वायफायची यादी उघडली तर बोट दुखेपर्यंत खाली सरकवावी लागते.

कस्टमर केअरने राऊटर बंद-चालू करायला लावला. त्याला हसू नये. चालू होताना पुष्कळसे राऊटर जरा मोकळा चॅनल शोधतात, त्यामुळे थोडा वेळ फरक पडतोही. पण शेजारच्यांनाही कस्टमर केअर आहेच!

खालच्या मजल्यावरच्या काकांनी वैतागून ३०० चा प्लॅन घेतला. स्पीड टेस्टचा काटा ९४ च्या पुढे सरकेना. हे ३०० म्हणजे मेगाबिट, आठाने भागल्यावर मेगाबाइट होतात, इथपर्यंत काकांनी मन घट्ट केलं होतं. पण ९४ त्यांना सहन होईना. मी मात्र सिग्नल पुढे ढकलणाऱ्या रिपीटरच्या नादी लागलो. दुकानदाराने सांगितलं, सिग्नल जिथे मरतो तिथेच लावा. लावला. दांड्या फुल्ल आणि नेट तसंच. स्वतःला नीट ऐकू न आलेलं एखाद्याने पुढच्याला मोठ्याने सांगावं, तसं ते यंत्र. शिवाय ऐकणं आणि सांगणं एकाच रेडिओवर, त्यामुळे आहे तो वेगही निम्मा.

शेवटी तक्रार नोंदवली आणि कंपनीचा मुलगा आला. वेळ अर्थातच जेवणाची. खिशातून एक छोटं मीटर काढलं, डबीतून पिवळी वायर उपसून त्यात खोचली आणि म्हणाला, "काका, पॉवर मस्त आहे. मायनस एकवीस." आमच्या पिढीला मायनसमध्ये मस्त काही असतं हे माहीत नाही. आई तर घाबरलीच. मग त्याने समजावलं, की मायनस सत्तावीस-अठ्ठावीसच्या पलीकडे गेलं की डबीला प्रकाश दिसेनासा होतो. एकवीस म्हणजे कंपनीचं नेट तुमच्या दारापर्यंत ठणठणीत आलंय. (त्याच दमात खालच्या काकांचंही निदान झालं. डबीतून राऊटरला गेलेल्या त्यांच्या केबलच्या आठ तारांपैकी चारच जोडलेल्या होत्या. १०० च्या वर जायला आठही लागतात.)

"राऊटर कुठाय?" त्याने विचारलं.

राऊटर शोकेसमध्ये होता. पितळी समईच्या मागे, आरशाला टेकून, दोन्ही अँटेना दुमडून, वर आईने क्रोशाने विणलेला रुमाल. शोकेसच्या मागे पिलर आणि पिलरच्या पलीकडे बेडरूममधलं लोखंडी कपाट. पोरगा थोडा वेळ नुसता बघत राहिला.

"काका, हे असं झाकल्यावर सिग्नल जाणार कुठून?"

"बाहेर ठेवला तर किती वाईट दिसतं ते," बायको म्हणाली.

यावर बरीच चर्चा झाली. राऊटर घराच्या मधोमध आणि उंचावर हवा. ठाण्यातल्या टू बीएचकेचा मध्य म्हणजे पॅसेज, आणि पॅसेजमध्ये बिल्डर प्लग पॉइंट देत नाही. अखेर बाथरूमच्या दारावर माळ्याच्या कडेला राऊटर बसला, एक्स्टेन्शन बोर्डची वायर चौकटीवरून फिरली आणि बेडरूममध्ये आकडा सहावरून साठाच्या वर गेला. आईने रुमाल घडी करून कपाटात ठेवला आणि उरलेला दिवस ती त्या मुलाविषयी काही बोलली नाही.

मुलाने तक्रार बंद करायला ओटीपी मागितला. मग फीडबॅकचा फॉर्म आला, झटकन उघडलाही. समस्येचं कारण निवडा: केबल, उपकरण, प्लॅन, इतर. बायको खांद्यामागून वाचत होती.

"अहो, 'इतर' दाबा," ती म्हणाली. "आणि खाली रकाना आहे ना, तिथे काही लिहू नका."