रात्रौ ३.१० वा. यंत्र बंद केले

सकाळी उठून बघतो तर लॅपटॉपचा प्लग काढलेला. वायर चार बोटांवर नीट गुंडाळून तिला रबरबँड लावलेला, आणि शेजारी दुधाच्या बिलाच्या पाठीवर ठसठशीत अक्षरात मजकूर : ‘रात्रौ ३.१० वा. यंत्र विनाकारण चालू आढळले. बंद केले.’ खाली सही. सहीखाली तारीख.

मामांची सही. मामा म्हणजे बायकोचे सख्खे मामा, सरकारी लेखापरीक्षणातून निवृत्त. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायला आमच्याकडे आले होते. त्यामुळे आरडाओरडा करायची सोय नव्हती. एक तर ते सासरचे, त्यात ऑपरेशन झालेले, आणि त्यात मला ‘जावईबापू’ म्हणतात. जावईबापू म्हटल्यावर माणसाचे निम्मे दात आपोआप पडतात.

पण ‘विनाकारण’ हा शब्द अजून घशात अडकलाय. यंत्र विनाकारण चालू नव्हतं. साडेनऊ तास ते नेटबीएसडी कंपाइल करत होतं, म्हणजे माणसांनी लिहिलेल्या कोडमधून यंत्राला चालवता येईल अशी सिस्टिम बनवत होतं, आणि आणखी तासाभरात काम संपलं असतं. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच वारलीय, त्यामुळे प्लग काढणं म्हणजे नाकावर उशी दाबणंच.

नेटबीएसडी ही १९९३पासूनची फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, यूनिक्स या जुन्या सिस्टिमच्या घराण्यातली. दिसेल त्या हार्डवेअरवर चालायचं, हा तिचा हट्ट. व्हॅक्स आणि अमिगा हे जुने संगणक, सेगाचं ड्रीमकास्ट नावाचं खेळायचं खोकं, सगळीकडे ती नांदते. २००५ मध्ये एका अमेरिकी कंपनीने टोस्टरवर चालवून दाखवली होती. घराणं मोठं, पण माणसं मोजकी : माझ्या ओळखीत ती वापरणारे आम्ही दोघंच. त्यातला दुसरा आता कॅनडात असतो आणि फोन उचलत नाही.

मला ती तीन ठिकाणी न्यायची होती : हा लॅपटॉप, एक रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक, आणि जुन्या बाजारात पोत्यावर मांडलेला पाहून मी हट्टाने आणलेला ॲपलचा जुना लॅपटॉप, आयबुक जी४. तिन्हींचे प्रोसेसर तीन जातींचे, पण तिन्हींचा स्वयंपाक माझ्या या एकाच लॅपटॉपवर होतो. त्यासाठी बिल्ड डॉट एसएच नावाची एक स्क्रिप्ट आहे. ती तुमच्या घरातल्या कशावरही विश्वास ठेवत नाही. भाजी करायची म्हटलं की आधी स्वतःची चूल घालते, मग पळी, मग तवा. कंपाइल करणारा प्रोग्रॅम, म्हणजे कंपाइलर, स्वतःचा बनवते. कंपाइलर बनवायला ‘मेक’ लागतो, काय बनवायचं राहिलंय ते ठरवणारा मुकादम, तर तोही आधी स्वतःचाच बनवते. आमच्या एक आजी अशाच होत्या, दुसऱ्याच्या घरी गेल्या तरी स्वतःचा तांब्या घेऊन जायच्या.

तर आदल्या संध्याकाळची गोष्ट. डॉक्टरांनी मामांना टीव्ही आणि पेपर बंद सांगितला होता. कंपाइलबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते. काळा गॉगल लावून मामा माझ्या मागे खुर्ची टाकून बसले आणि स्क्रीनवरून सरसर पळणाऱ्या ओळींकडे उजव्या डोळ्याने बघायला लागले.

“हे काय चाललंय, जावईबापू?”

“कंपाइल होतंय, मामा.”

“एकूण बाबी किती?”

“हजारो.”

“पैकी निकाली किती, प्रलंबित किती?”

हा प्रश्न बोचला, कारण त्याचं उत्तर मलाही हवं असतं. ती स्क्रिप्ट टक्केवारी सांगत नाही. ओळी पळत राहतात, पळायच्या थांबल्या की एक तर झालं किंवा मेलं.

“माहीत नाही,” मी म्हणालो.

मामांनी खिशातून छोटी डायरी काढली. गॉगल कपाळावर सरकवून काहीतरी लिहिलं.

“आणि यात चूक निघाली तर?”

मी जरा फुशारकीने सांगितलं, “इथे नुसती वॉर्निंग आली तरी काम थांबतं, मामा. ही मंडळी वॉर्निंगलाच चूक धरतात.”

“म्हणजे किरकोळ हरकतसुद्धा पुढे जाऊ देत नाहीत?”

“नाही.”

त्या एका उजव्या डोळ्यात मला प्रथमच आदर दिसला. “कुठलं खातं म्हणायचं हे?”

“खातं वगैरे नाही. जगभरातले लोक फावल्या वेळात करतात. फुकट.”

आदर मावळला. “फुकट? मग जबाबदारी कोणावर निश्चित करणार?”

तेवढ्यात स्क्रीनवर गेम्सची फाइल आली. नेटबीएसडीत खेळांचा एक आख्खा कप्पा असतो, जुन्या यूनिक्सपासून वडिलोपार्जित चालत आलेला. मामा इंग्रजी एकेक अक्षर लावून वाचतात, पण वाचतात.

“हँग... मॅन. फाशी?”

“शब्द ओळखायचा खेळ आहे.”

“फिश?”

“पत्त्यांचा डाव.”

“रात्री आठ वाजता विजेचं मीटर फिरवून तुम्ही पत्त्यांचा डाव तयार करताय?”

“मी मागितला नाही, मामा. तो बरोबर येतोच.”

“न मागता येतं त्यालाच आम्ही अनावश्यक खरेदी म्हणायचो.” डायरीत नोंद.

मी खुर्ची थोडी पुढे ओढली. मामांनीही ओढली.

“आणि हे काय? पॉम?”

इथे मी चूक केली. ‘काही नाही’ म्हणायचं सोडून खरं सांगितलं. “ते चंद्राची कला सांगतं. आज चंद्र किती टक्के आहे ते.”

मामा ताठ बसले. गॉगल पूर्ण काढला, जे डॉक्टरांनी सक्त मना केलं होतं. “चंद्राची? म्हणजे संकष्टी कळेल?”

“म्हणजे... पौर्णिमा होऊन चंद्र उतरतीला लागलाय, इतके टक्के उरलाय, एवढं सांगेल.”

“चंद्रोदय किती वाजता?”

“ते नाही सांगत.”

“पुण्याचा नसेल सांगत. मुंबईचा?”

“कुठलाच नाही.”

“तिथी?”

“नाही.”

मामा बराच वेळ गप्प राहिले. मग अत्यंत मृदू आवाजात, एखाद्या कारकुनाला निलंबित करण्याआधी साहेब बोलतो तसे म्हणाले, “म्हणजे चंद्र आहे एवढं कळतं. उपास कधी सोडायचा ते नाही. मग हे कुणासाठी केलंय?”

मी म्हणालो, अमेरिकेत संकष्टी नसते. ते म्हणाले, मग चंद्राचे टक्के घेऊन ते काय करतात? मी म्हणालो, गंमत. ते म्हणाले, भिंतीवरच्या कॅलेंडरात गावोगावचा चंद्रोदय छापलेला असतो, त्याला कंपाइल लागत नाही. मी म्हणालो, बरं. ते म्हणाले, आणि तुमच्या यंत्राला किती तास लागणार म्हणालात? एव्हाना स्वयंपाकघरातून बायकोच्या हसण्याचा आवाज यायला लागला होता आणि नवव्या मिनिटाला मी संडासात जाऊन बसलो.

आणि मग ३.१०.

प्लग काढल्याचं दुःख साडेनऊ तासांचं नव्हतं. अर्धवट राहिलेलं काम पुढे चालू करायची सोय त्या स्क्रिप्टमध्ये आहे. मी ती वापरली, आणि तिथेच फसलो. वीज गेली तेव्हा शेवटच्या काही सेकंदांतल्या फायली डिस्कवर नावापुरत्या उतरल्या होत्या. नाव आहे, तारीख ताजी आहे, आत शून्य बाइट. मेक फक्त वेळ बघतो. मूळ फाइलीपेक्षा ही नवी आहे ना, मग झालेली आहे, चला पुढे. हजेरीपटावर सही आहे, माणूस चहाला गेलाय. शेवटी सगळं जोडायच्या वेळी लिंकर ओरडला की ही फाइल मला ओळखता येत नाही. मी आधी स्वतःवर संशय घेतला, मग कंपाइलरवर, मग रॅमवर. दुपारी दोन वाजता शून्य बाइटच्या फायली शोधायची बुद्धी झाली. अकरा निघाल्या. पुसल्या, पुन्हा लावलं. मामांना सांगितलं तर म्हणाले, “बघा, आक्षेप योग्यच होता.”

रास्पबेरी पायवर सिस्टिम सुरळीत चालली, त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. भांडण आयबुकशी झालं.

आयबुकचा प्रोसेसर पॉवरपीसी. ॲपलने तो २००६ मध्ये सोडून इंटेल धरला. पॉवरपीसीवर नेटबीएसडी आकडा मोठ्या टोकाकडून मांडते, म्हणजे मोठ्या किमतीचा बाइट आधी, लॅपटॉप छोट्या टोकाकडून. मी दुधाच्या हिशेबाचा एक फुटकळ प्रोग्रॅम लिहिलाय, तो लॅपटॉपवरची फाइल जशीच्या तशी आयबुकवर वाचायला गेला. रोजच्या २ पिशव्या. आयबुकने सांगितलं, ३,३५,५४,४३२ पिशव्या. रोज. त्यात आकडा काहीच चुकलेला नाही. तेच चार बाइट उलट्या बाजूने वाचलेत. चूक माझीच, फाइल लिहितानाच दिशा ठरवायला हवी होती. हे मी स्वतःला सांगत होतो तेव्हा मामा मागे होते.

“तीन कोटी पिशव्या,” मामा म्हणाले. “बिल मंजूर कोणी केलं?”

या मोठ्या टोकाच्या आणि छोट्या टोकाच्या भांडणाला नाव गलिव्हरच्या गोष्टीतलं आहे, अंडं कुठल्या टोकाकडून फोडायचं यावरून लढणाऱ्या लोकांचं. १९८०च्या १ एप्रिलला डॅनी कोहेन नावाच्या संगणकतज्ज्ञाने ते या वादाला चिकटवलं आणि कळवळून लिहिलं की बाबांनो, कुठलंही टोक धरा, पण सगळे एकच धरा. त्याला मराठी येत असतं तर त्याने तो नाद सोडला असता. आपण बावन्न लिहिताना आधी पाच लिहितो आणि बोलताना आधी दोन बोलतो. लिहिताना मोठं टोक, बोलताना छोटं. एकोणपन्नासला तर कुठलंच टोक नाही, पन्नास उधार घेऊन एक परत करायचा. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’ आणलं, तेव्हा विधानसभेपर्यंत गदारोळ झाला. गणितज्ञ मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या की मुलांना ही जोडाक्षरं जड जातात, आणि अख्खा महाराष्ट्र अंडं घेऊन उभा होता. मीही तेव्हा हिरिरीने ‘बावन्न’च्या बाजूने बोललो होतो. दुधाच्या फाइलीनंतर मी त्या बाजूने जरा हळू बोलतो.

आता खरं रडगाणं. आयबुक निदान आयबुक आहे, त्याच्या आत काय आहे हे लोकांनी वीस वर्षांत खोदून काढलंय. मध्यंतरी मी रास्पबेरी पायसारखा एक स्वस्तातला बोर्ड मागवला होता. नाव तेच, डबा तोच, आतली वायफायची चिप वेगळी. माहितीपत्रक मागितलं तर विकणाऱ्याने व्हिडिओची लिंक पाठवली. व्हिडिओत एक हात डबा उघडतो, बोर्ड फिरवून दाखवतो, आणि संगीत वाजतं. चिपमध्ये कुठल्या पत्त्यावर काय लिहायचं हे कागदावर असतं, तो कागद कंपनीकडे असतो, आणि कंपनीचं म्हणणं असतं की आम्ही दिलेला एकच कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, वापरा. तो कर्नल वर्षभरात शिळा होतो. मग बोर्ड ड्रॉवरमध्ये. माझा फोन धडधाकट आहे, पण त्याचे अपडेट बंद झालेत, दुकानदार म्हणतो नवा घ्या. भंगारातल्या आयबुकवर आजची सिस्टिम चढते आणि चार वर्षांच्या फोनवर चढत नाही, याला माझ्याकडे विनोद नाही. मला राग येतो आणि रागात मी कंपाइल लावतो.

चौथ्या दिवशी रात्री आयबुक उभा राहायच्या बेतात आला. त्याला सुरू होतानाच अडवायला कमांड, ऑप्शन, ओ आणि एफ अशी चार बटणं एकत्र दाबून धरावी लागतात, आणि माझ्या आयबुकाचं ओ रुसलेलं, त्याला अंगठ्याने रेटावं लागतं. दोन्ही हात गुंतले.

“पॉवरचं बटण मी दाबू का?” मामा म्हणाले.

या माणसाला बटणाजवळ जाऊ द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण तिसरा हात नव्हता. त्यांनी दाबलं. पांढऱ्या स्क्रीनवर काळी अक्षरं आली, मी बूटची ओळ लिहिली, कर्नल उठला, आणि डिस्क, कीबोर्ड, सगळे एकेक करून हजेरी द्यायला लागले. मध्येच एक तक्रार होती की घड्याळातली वेळ हास्यास्पद आहे, तारीख तपासून घ्या. आयबुकची बॅटरी पार मेलेली, त्यामुळे तो कुठल्या तरी भलत्याच सालात जागा झाला होता. मी ती ओळ वाचली आणि आनंदाच्या भरात सोडून दिली. लॉगिन आलं. बायकोला हाक मारली. तिने कुकरची शिट्टी झाल्यावर येते म्हणून सांगितलं.

त्या दिवशी नेमकी संकष्टी होती. बाहेर ढग गच्च. मामा गॅलरीत दोनदा जाऊन आले होते, कॅलेंडरातला चंद्रोदय होऊन दहा मिनिटं झाली होती आणि पानावर उकडीचे मोदक निवत होते.

“ते चंद्राचं आहे का यात?” मामांनी विचारलं. चार दिवसांत प्रथमच आवाजात जरा सलगी होती.

“आहे ना!” मी पॉम टाइप केलं आणि आयबुक त्यांच्याकडे वळवला.

मामांनी गॉगल वर केला. एकेक अक्षर लावत वाचलं. मग माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडराकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

“आज अमावस्या म्हणतंय,” ते म्हणाले, आणि खिशातून डायरी काढली.