तीन रेषा दिसल्या तर तो कॅव्हम नव्हे: गेवराईच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार डॉक्टर,

तुमचा आक्षेप असा: गर्भाच्या सोनोग्राफीत कॅव्हम सेप्टाय पेल्युसिडाय (मेंदूच्या मध्यरेषेवरची पाण्याची पोकळी) आणि फॉर्निक्स (तिच्याखालचा मज्जातंतूंचा पट्टा) यांत गल्लत करू नका, हा मागच्या लेखातला आग्रह मोठ्या सेंटरना परवडतो. ऊसतोडीला निघालेली बाई टेबलावर एकदाच येते. मध्यभागी समांतर रेषा दिसल्या की 'कॅव्हम आहे' लिहून पुढे जावं.

बाई एकदाच येते, हे अगदी खरं. दिवाळीच्या सुमाराला 19 आठवड्यांची गरोदर असलेली बाई कारखान्यावरून परतते तेव्हा दिवस भरत आलेले असतात. पण म्हणूनच ती चुकीची नोंद दुरुस्त करायला मध्ये कुणीच नसतं. कॉर्पस कॅलोझम (मेंदूचे दोन अर्धे जोडणारा पूल) पूर्ण नसेल तर कॅव्हम बहुधा दिसत नाही, फॉर्निक्सचे स्तंभ मात्र दिसू शकतात. नेमक्या त्याच बाळाचा रिपोर्ट मग नॉर्मल जातो. 24 आठवडे उलटल्यावर कळलं, तर गर्भपात कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीनुसार गर्भपाताचा प्रश्न वैद्यकीय मंडळापुढेच जातो.

फरक ओळखायला महागडं मशीन लागत नाही. कॅव्हम म्हणजे दोन रेषांमधली काळी, पाण्याने भरलेली चौकट. ती डोक्याच्या पुढच्या भागात मधली रेष तोडते. फॉर्निक्समध्ये पाणी नसतं: दोन रेषा आणि त्यांच्यामध्ये तिसरी. ही पातळी कॅव्हमच्या जरा खाली, बाळाच्या मानेकडे असते. म्हणून तीन रेषा दिसल्या की फोटो फ्रीझ करू नका. मधली रेष आडवी ठेवून प्रोब बाळाच्या टाळूच्या, म्हणजे डोक्याच्या वरच्या टोकाच्या दिशेने किंचित सरकवा. कॅव्हम असेल तर चौकट उघडते. गेन (चित्राचा उजळपणा) जास्त असेल तर तिच्यातलं पाणी राखाडी दिसतं, तो आधी कमी करा.

तरीही शंका राहिली तर कोरोनल (कानापासून कानापर्यंतचा उभा) छेद घ्या. व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या पाण्याच्या कप्प्यांच्या) पुढच्या शिंगांच्या मध्ये, कॅलोझमखाली कॅव्हम दिसायला हवा. मिडसॅजिटल (डोक्याच्या मधोमध, पुढून मागे जाणारा उभा) छेद मिळाला तर रक्तप्रवाह दाखवणारा कलर डॉपलर लावून कॅलोझमवरून जाणाऱ्या पेरिकॅलोझल धमनीची कमान पाहा. एट्रियम (व्हेंट्रिकलचा मागचा रुंद भाग) 10 मिमी किंवा जास्त, व्हेंट्रिकल थेंबासारखं, तिसरं व्हेंट्रिकल वर सरकलेलं, यांपैकी काही दिसलं तर 'कॅव्हम आहे' ही नोंद पुन्हा तपासा. बाळाचं डोकं अडचणीच्या स्थितीत असेल तर बाईला लघवी करून, थोडं चालून यायला सांगा आणि तोवर पुढचा पेशंट घ्या. म्हणजे तुमची रांगही अडत नाही.

वय पाहिल्याशिवाय मात्र घाबरवू नका. बीपीडी (बाळाच्या डोक्याची आडवी रुंदी) साधारण 44 ते 88 मिमी, म्हणजे 18 ते 37 आठवडे, या काळात कॅव्हम दिसायलाच हवा. त्याआधी किंवा नंतर न दिसणं हा दोष नव्हे.

सिस्टर्ना मॅग्नाबद्दल (लहान मेंदूमागच्या पाण्याच्या जागेबद्दल) तुम्ही विचारलंत. प्रोब मागे जास्त कलला की ती उगाच 10 मिमीच्या वर जाते. त्याच फ्रेममध्ये पुढे कॅव्हम ठेवून मोजा. व्हर्मिस (लहान मेंदूचा मधला भाग) अर्धवट वाटला आणि वय 18 आठवड्यांच्या आत असेल तर तो अजून बंद व्हायचाच असू शकतो, लगेच दोष लिहू नका.

छेद मिळालाच नाही तर रिपोर्टमध्ये 'कॅव्हम दिसला नाही, डोक्याची स्थिती प्रतिकूल' असं बीपीडीसह लिहा आणि बाईला तोंडीही सांगा. टोळी सांगलीकडे जाते की कोल्हापूरकडे ते विचारून तिथल्या सरकारी रुग्णालयासाठी चिठ्ठी द्या. रिपोर्टच्या पानाचा फोटो तिच्या नवऱ्याच्या मोबाइलवर असू द्या, कागद फडातल्या कोपीत टिकत नाही.