द्विवचनानं गाठलं

मला अरबी वाचता येतं. कळत नाही, एवढंच. हे हिंदू मित्रांना सांगितलं की ते माझ्याकडे संशयाने बघतात. मुसलमान मित्रांना सांगितलं तर ते म्हणतात, "मग?"

कोकणातल्या आमच्या गावात शाळेआधी मकतब, म्हणजे कुरआन शिकवणारा वर्ग, असायचा. आधी कायदा, म्हणजे अक्षरओळखीचं पुस्तक, मग कुरआनचा एकेक पारा, म्हणजे भाग, असं करत तीसही पारे, म्हणजे 114 सूरा (अध्याय), मी लहानपणीच वाचून काढल्या. खतम झाला तेव्हा मोहल्ल्यात मिठाई वाटली. जेर, जबर, पेश या स्वरखुणा, कुठे थांबायचं, कुठे नाकातून गुणगुणायचं, सगळं चोख. अर्थ विचारला की मौलवीसाहेब म्हणायचे, "आधी हरफ नीट काढ." हरफ म्हणजे अक्षर.

पन्नाशी जवळ आली आणि डोक्यात किडा वळवळला. दिवसभराच्या फर्ज, म्हणजे सक्तीच्या, नमाजांत 17 रकाती (नमाजाची आवर्तनं), प्रत्येक रकातीत सूरे फातिहा, म्हणजे कुरआनचा पहिला अध्याय. एवढ्या वेळा आपण अल्लाहकडे काय मागतो ते मागता मागताच कळायला नको? मराठी भाषांतर कपाटात आहे, पण नमाजात उभं असताना कपाट उघडता येत नाही.

म्हणून इशानंतर, म्हणजे रात्रीच्या नमाजानंतर, भरणाऱ्या ऑनलाइन अरबी वर्गात नाव घातलं. पुस्तक मदिनेच्या इस्लामी विद्यापीठासाठी लिहिलेलं. लेखक डॉ. व्ही. अब्दुर्रहीम मात्र तामिळनाडूतल्या वाणियंबाडीचे, त्यामुळे जरा धीर आला. पहिला धडा: हे घर आहे. ही मशीद आहे. हे घर आहे का? नाही, ही मशीद आहे. पुढे कुत्रा, मांजर, गाढव, उंट. अल्लाहचा कलाम समजून घ्यायला निघालेला, ऑफिसात चार माणसांवर साहेब असलेला गृहस्थ रात्री दहा वाजता कॅमेऱ्यासमोर बसून कोंबड्याच्या चित्राला अरबीत कोंबडा म्हणत होता. बायको दारातून डोकावली आणि काही न बोलता दार ओढून घेऊन गेली.

मग उच्चार. मकतबात सगळं चोख होतं असं मी वर म्हटलंय, ते कोकणापुरतं. आपण मराठी माणसं एकाच 'ज'मधून 'जग' आणि 'जरा' असे दोन आवाज काढतो. त्याची भरपाई म्हणून की काय, अरबीतल्या जाल, जे, जाद आणि जोय या चार वेगवेगळ्या अक्षरांना मिळून आमची जीभ एकच आवाज देते. त्यात जाद तर अरबांचा अभिमानाचा विषय, आपल्या भाषेला ते जादची भाषाच म्हणतात. फातिहाच्या शेवटी 'दाल्लीन' म्हणायचं की 'जाल्लीन', यावरून आपल्याकडे मोठमोठे वाद झालेत. मी तो शब्द घाईत म्हणतो.

व्याकरणाने मला गाठलं ते जुन्या वैऱ्यासारखं. आठवीत संस्कृत घ्यायचं की हिंदी, असा प्रश्न आला तेव्हा 'रामः रामौ रामाः' ऐकून मी संपूर्ण हिंदीकडे पळालो होतो. ज्या द्विवचनाला भिऊन पळालो, ते अरबीच्या दारात उभंच होतं. शिवाय तीन ते दहा या आकड्यांचं लिंग नामाच्या उलटं, म्हणजे तीन पुरुष आले की 'तीन' स्त्रीलिंगी. आणि उंट, पुस्तकं, दरवाजे कितीही असोत, अनेकवचनात त्यांची मिळून एक बाई होते, म्हणजे स्त्रीलिंगी एकवचन. का, असं विचारलं तर उस्ताद म्हणाले, "अरब असं बोलतात." यावर वाद घालता येत नाही.

शब्दकोशाची वेगळीच तऱ्हा. फातिहातला 'मुस्तकीम' बघायला मीम हे अक्षर उघडलं, तर तिथे नाही. तो काफखाली, काफ-वाव-मीम या धातूत. आणि त्यातला वाव मूळ शब्दात दिसतसुद्धा नाही. म्हणजे शब्द शोधायला तो आधीच माहीत हवा. सतरा रकातींत सरळ रस्ता मागायचा, आणि त्यातला 'सरळ' असा आडवळणाला!

अरबी व्याकरणाचा आद्य ग्रंथ लिहिणारा सीबवैह स्वतः इराणी होता. आठव्या शतकात बगदादला भर दरबारात अल-किसाई या दुसऱ्या व्याकरणकाराशी त्याचा वाद झाला. वाक्य विंचवाच्या आणि गांधीलमाशीच्या दंशाचं, भांडण एका सर्वनामाच्या विभक्तीचं. साक्षीला बोलावलेल्या बदूंनी, म्हणजे वाळवंटी अरबांनी, किसाईच्या बाजूने कौल दिला. सीबवैह बगदाद सोडून गेला आणि पुढे तरुणपणीच वारला. धक्क्याने गेला, असं सांगतात. तेव्हापासून उस्तादांनी विभक्ती विचारली की मी आधी पाणी पितो.

मामूंनी कुवेतला उभी हयात काढली. म्हटलं, सराव करू. मी शुद्ध कुरआनी अरबीत त्यांची खुशाली विचारली. ठाण्याच्या फलाटावर ज्ञानेश्वरीतल्या मराठीत वडापाव मागितल्यावर विक्रेता जसा बघेल, तसे ते बघत राहिले. मग म्हणाले, "माफी मालूम." आखातातल्या कामगारांच्या अरबीत याचा अर्थ 'ठाऊक नाही'. त्या दोन शब्दांवर मामूंनी तिकडे नोकरी केली आणि इकडे घर बांधलं.

घरात खरी अडचण अम्मी. कुरआनच्या एका हरफाला दहा नेक्या (पुण्यं), ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, तिला पाठ. ती अर्ध्या तासात पारा संपवते, मी तेवढ्यात एका आयतीतला (ओळीतला) एक शब्द उकलतो. "आज किती झालं रे?" ती विचारते. "एक शब्द." "अलिफ-लाम-मीम म्हटलं असतंस तरी तीस झाल्या असत्या," ती म्हणते, आणि पान उलटते. गंमत म्हणजे अलिफ-लाम-मीमचा अर्थ अल्लाहलाच ठाऊक, असं बहुतेक आलिम, म्हणजे धर्मपंडित, सांगतात. अशी सुटी अक्षरं 29 सूरांच्या सुरुवातीला आहेत. तेवढ्या जागी मी आणि इमाम साहेब एका बाकावर.

यंदा रमजानात तरावीहला, म्हणजे रात्रीच्या खास नमाजाला, सगळं समजेल या आशेने उभा राहिलो. कुरआन तोंडपाठ असलेले हाफिजसाहेब मेलच्या वेगात. मला एक क्रियापद ओळखू आलं, त्याचं रूप मनात लावेपर्यंत इमाम सजद्यात गेले होते. पण सूरे रहमानमध्ये 'फबिअय्यि आलाइ रब्बिकुमा तुकज्जिबान' 31 वेळा येतं, त्यातलं 'कुमा' मी पकडलं! 'तुम्हा दोघांचा.' द्विवचन!

दुसऱ्या दिवशी उस्तादांना विचारलं, "हे दोघे कोण?"

"माणूस आणि जिन."

लहानपणी कंदिलाच्या उजेडात, पडवीत एकटा बसून मी ही सूरा घोकायचो. एकटा! तेव्हा कळलं असतं तर मी चुलीपाशी अम्मीला चिकटून बसलो असतो.

उस्ताद पुढे म्हणाले, सूरे जिनमध्येच आहे, जिनांच्या एका टोळीने कुरआन ऐकला आणि ईमान आणलं.

"एकदाच ऐकून? त्यांना द्विवचन कुणी शिकवलं?"

"उद्या गरदान पाठ करून या," उस्ताद म्हणाले. "क्रियापदाची चौदाही रूपं."